उपणणारी बाई

नागपूरच्या कलाशाळेत आम्हाला मातीकाम शिकवणारे सर वर्गातल्या पोरांना अरे-तुरे करत आणि मला 'बाई' म्हणत. वर्गात मी एकटीच मुलगी होते. माझ्या कामापुढे ते थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "बाई, प्रमाण बरोबर आहे, हाडं जागच्या जागी आहेत, पण ही हलत नाही. हिला कुणीतरी फोटोसाठी उभं केलंय." पोरं हसायची. मी पाणी भरणारी बाई केली, ती हलली नाही. धावणारा पोरगा केला, तो एक पाय उचलून शिक्षा भोगत असल्यासारखा दिसला. शेवटच्या परीक्षेला मी भिंतीला टेकून बसलेली म्हातारी केली, कारण बसलेल्या माणसाला हलावं लागत नाही. पास झाले.

छप्पन साली शिक्षण आटोपून मी घाटंजीला परत आले. त्याच वर्षी आमचा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला गेला. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, बाकी काही बदललं नाही. वडील कापसाच्या जिनात कामाला होते. मामा नागपूरला राहत आणि त्यांनी हट्ट धरला, म्हणून मला तिथं शिकायला मिळालं होतं. आता त्या शिकण्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलींच्या शाळेत चित्रकलेची जागा निघाली आणि मी लागले. आंबा, कळशी, पतंग, कुंडीतलं झाड. पुन्हा आंबा.

पण सरांचं ते वाक्य माझ्या मागं लागलं होतं. हलणं म्हणजे काय, हे आपण कधी नीट पाहिलंच नाही, असं मला वाटायचं. मग मी पाहायला लागले. पावसाळ्यात वाघाडी नदीच्या काठी जाऊन बसायचे. गढूळ पाणी खडकावर आदळत नाही, त्याला वळसा घालून पाठीमागं एक खळगा करतं आणि त्या खळग्यात पुन्हा उलटं फिरतं, हे मला तिथं दिसलं. घरी येऊन मातीत केलं तर दोरखंडाचं भेंडोळं झालं. पिंजाऱ्याच्या दुकानासमोर उभी राहिले. तारेचा झणत्कार झाला की कापूस उडायचा आणि हवेत क्षणभर थांबायचा. तो केला तर फुलकोबी झाली. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गती असणार हे नक्की होतं, पण शंकरपटाला बायका जात नसत. मी लांबच्या बांधावर उभी राहून पाहिला. धूळ दिसली.

आईला लोक विचारू लागले. एके दिवशी ती माझ्या पुढ्यात ताट ठेवत म्हणाली, "तुले त्या पान्यात काय दिसते व?"

"वळण."

"वळन त मानसाले पाह्यजे. लोकं मले इचारून राह्यले का तुमची पोट्टी नदीवर एकटी कायले बसते म्हून. काय सांगू मी त्याईले?"

"मूर्तीसाठी पाहते, असं सांग."

"मूर्त्या कुंभार करते, माय. तू मास्तरीन हायेस." आणि ती भाकरी आणायला आत गेली.

अशी काही वर्षं गेली. मधे माझ्यासाठी स्थळं येऊन गेली. एका मुलाच्या बापानं माझे हात पाहिले, नखांतली माती पाहिली आणि चहा अर्धा ठेवून उठला. मला वाईट वाटलं नाही, आईला वाटलं.

साठ साल उलटल्यानंतरची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती आणि मी मावशीकडे गेले होते. तिचं गाव घाटंजीपासून बैलगाडीनं जाण्याच्या अंतरावर. खळ्यावर ज्वारीची मळणी आटपली होती, दाणे आणि कुटार, म्हणजे भुसा, एकात मिसळून मोठा ढीग पडला होता, आणि सगळे वाऱ्याची वाट पाहत बसले होते. दुपार कलली तसा वारा सुटला. मावशीनं हाक मारली, आणि जवळच्या तांड्यावरून मजुरीला आलेली एक बंजारीण उंच तिवईवर चढली. खालून दुसरी बाई तिला टोपलं भरून द्यायची. ती ते डोक्याच्याही वर धरायची आणि कडेनं हळूहळू ओतायची.

मी विहिरीकडं निघाले होते, तिथंच उभी राहिले.

दाणे सरळ खाली येत होते, जड, एका धारेत. कुटार त्याच टोपल्यातून त्याच क्षणी सुटायचं आणि आडवं उडून लांब जाऊन पडायचं. एकाच ठिकाणाहून दोन वाटा. आणि त्या दोन वाटांच्या मधे ती बाई. तिच्या जडशीळ घागऱ्याच्या, त्यांच्या भाषेत फेटियाच्या, चुण्या दाण्यांसारख्या खाली ओढलेल्या होत्या आणि ओढणी कुटारासारखी मागं आडवी गेली होती. वारा वाढला की ती कमरेतून किंचित मागं रेलायची, टोपलं किंचित पुढं करायची, आणि तो बाक टाचेपासून मनगटापर्यंत एका लाटेसारखा चढत जायचा. एवढी वर्षं मी पाण्यात जे शोधत होते ते एका माणसाच्या पाठीत होतं.

दाणे करायचेच नाहीत, हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं. मातीत दाणे पडत नाहीत. पडणं घागऱ्यात दाखवायचं, उडणं ओढणीत दाखवायचं आणि दोन्हींची ओढाताण त्या पाठीत. आयुष्यात मला काहीतरी सापडलं असं म्हणता येईल, तर ते त्या दुपारी.

तिला तांड्यातले सगळे याडी म्हणत, याडी म्हणजे आई. वयानं ती माझ्या आईएवढी नव्हती, पण मीही तेच म्हणू लागले. काम संपल्यावर मी तिला विचारलं, "याडी, मी तुझं चित्र काढलं तर चालेल का? मातीचं?"

ती अंगावरचं कुटार झटकत होती. "माह्यं? कायले?"

"तू टोपलं धरतेस ते मला पाहिजे."

"टोपलं त कोनीबी धरते." मग माझ्याकडं नीट पाहून ती हसली. "देव करसान का माह्या?"

"नाही. तूच करीन."

"मंग कर बापा. मले काय लागते."

त्या हिवाळ्यात प्रत्येक सुट्टीला मी मावशीकडे जात होते. गोठ्याच्या बाजूला तिनं मला एक पडवी दिली होती. नदीची काळी माती मळून, तारेचा सांगाडा वाकवून मी लहान लहान नमुने करत गेले. आधी मी याडीला रिकामं टोपलं घेऊन उभं केलं. ते चुकलं. ओझं नसलेले हात खोटे दिसत होते. मग टोपल्यात ज्वारी भरली, तर हात खरे झाले पण पाठ मेली, कारण पडवीत वारा नव्हता. शेवटी मी पाट आणि माती घेऊन खळ्यावरच बसले आणि काम चालू असतानाच करू लागले. माझ्या मातीत कुटार चिकटायचं, डोळ्यांत जायचं. मावशीचे गडी हसायचे. याडी वरून ओरडायची, "झाली का वं तुही बाई?" आणि मी म्हणायचे, "नाही झाली, तू उपण."

ती बोलायची खूप. तिच्या आज्याच्या काळी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता सगळे शेतावर स्थिरावले होते. तिचं स्वतःचं थोडं रान होतं, बाकी दिवस मजुरी. नवरा खंगून वारला होता, मुलगी लग्न होऊन उमरखेडकडे. "मी आता कुठं जातच नाई," ती म्हणायची, "हाटाले गेली त गेली."

ज्या नमुन्यावर मी थांबले तो हातभर उंच होता. त्याला चेहरा जवळजवळ नव्हता, नुसता वाऱ्यापासून वळवलेला गाल. तो मी प्लास्टरमध्ये ओतला आणि खोक्यात गवत भरून नागपूरला सरांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. भोवती फिरले. पुन्हा फिरले. मग म्हणाले, "बाई, हिला धरा नाहीतर जाईल." एवढंच. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

सरांनीच मला सांगितलं की आमच्या जिल्ह्यातल्या एका बाजारगावी नवं मार्केट यार्ड होतंय, फाटकापुढच्या चौथऱ्यावर शेतीच्या श्रमांचं मोठं शिल्प बसवायचं आहे आणि समिती नमुने मागवते आहे. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहून आता कुणाचं काय होणार आहे? मी नमुना घेऊन गेले, तो ठेवून घेतला आणि काही महिन्यांनी मला बैठकीला बोलावलं.

टेबलावर माझी बाई उभी होती आणि तिच्याभोवती चहाच्या कपबश्या. अध्यक्ष कापसाचे व्यापारी, गोरेपान, बोलायला गोड. "बाई, तुमचा नमुना आम्हाले पसंत आहे," ते म्हणाले. "एकमतानं. बाकीचे सारे नुसते बैल घेऊन आलते." सगळे हसले. मीही हसले, इतकी मी खूश होते.

"आता प्रश्न असा आहे," अध्यक्ष म्हणाले, "का हे मोठं करायचं काम. सिमेंटाचं. परांची बांधून वर चढावं लागते, मिस्त्री सांभाळावे लागतात. ते कोन करन?"

"मी करीन."

कुणीतरी घसा खाकरला. दुसरे एक सदस्य अगदी प्रेमानं म्हणाले, "साडी नेसून परांचीवर? बाई, उद्या काही झालं त आमच्या नावानं बोंब होईन."

"मी कलाशाळेत शिकले आहे. मोठं काम कसं करतात मला माहीत आहे. आतून लोखंडी सळ्या कशा वळवायच्या त्याचं रेखाटन मी आणलं आहे."

"शिकल्या ते आम्ही पाहून राह्यलो ना. कल्पना तुमचीच राहीन. शहरातून एक मूर्तिकार बोलावला आहे, पुढाऱ्यांचे पुतळे करते तो. तुम्ही देखरेख करा." आणि कागद पुढच्या विषयाकडे सरकले. नमुना मात्र त्यांनी परत दिला नाही, मूर्तिकाराला लागेल म्हणाले.

देखरेख करायला मला कुणी कळवलंच नाही. शाळेच्या सुट्टीत मी आपणहून एस.टी.नं गेले तेव्हा चौथऱ्यावर काम कमरेच्या वर आलं होतं. मी खालून पाहिलं आणि मला आधी वाटलं, हे दुसरंच काहीतरी करताहेत. नऊवारी साडी नेसलेली बाई, दोन्ही पाय जुळवून सरळ उभी. मूर्तिकार खाली सावलीत पान लावत बसला होता. माणूस वाईट नव्हता. मला बसायला त्यानं गोणपाट झटकून दिलं.

"हा माझा नमुना नाही," मी म्हणाले.

"थोडा फेर केला, बाई. हवेत काढलेलं सिमेंट टिकत नाही. ती ओढणी तर पहिल्याच वादळात जाईल. टोपलं मी कमरेवर घेतलं आहे."

"सळ्या आतून कमरेपर्यंत नेल्या तर ओढणी टिकते. मी रेखाटन दिलं होतं."

"मला कुणी दिलं नाही." त्यानं चुन्याचं बोट पुसलं. "आणि घागरा समितीनंच बदलायला सांगितला. बंजारीण नको म्हणाले. आपली बाई पाहिजे, कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. आता ती धान्यलक्ष्मी झाली."

"ती काय करते आहे?"

"कोण?"

"ही. हिचं टोपलं कमरेवर आहे, मग ही करते काय?"

त्यानं वर पाहिलं आणि खरंच विचार केला. "उभी आहे," तो म्हणाला.

मी तिथून थेट अध्यक्षांच्या दुकानावर गेले. कापसाच्या गठाणींमधून वाट काढत. मला चहा मागवला. मी जे बोलले ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाई, तुमचं काम फार बारीक होतं. आपल्या लोकांले बारीक समजत नाई. उद्या हार घालाले आलेल्या मानसाले देवी दिसली पाह्यजे. उपननारी बाई पाहाले कोन इतक्या लांब येईन? ती त घरोघर हाय." त्यांना हे बोलताना काडीचाही संकोच वाटला नाही. मी चहा संपवला. काय करायला पाहिजे होतं ते मला आजही ठाऊक नाही. ओरडले असते तर म्हातारी पोट्टी पिसाळली म्हणाले असते. न ओरडता उठले तर समजूतदार ठरले. दोन्हींतलं काही मला नको होतं.

उद्घाटनाचं आमंत्रण मला आलं. छापील पत्रिकेवर मूर्तिकाराचं नाव होतं, अध्यक्षांचं होतं, पाहुण्यांचं होतं. मी जाणार नव्हते. पण मावशीकडून याडीला कळलं होतं की तिचा पुतळा झाला. ती एकटी, धुतलेला फेटिया घालून, चांदीचे दागिने लेऊन घाटंजीला माझ्या दारात येऊन उभी राहिली. "चाल," म्हणाली, "मले पाहाची हाय." तिला काय सांगायचं होतं मी? आम्ही दोघी एस.टी.त बसलो. वाटेत मी दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोनदा ती खिडकीबाहेर काहीतरी दाखवायला लागली.

मांडवात पुढं खुर्च्या होत्या. बिल्ला लावलेल्या एका पोरानं मला पुढं बसवलं आणि याडीला मागं, दोरीच्या पलीकडं जायला सांगितलं. मी तिच्यासोबत मागं गेले. भाषणं लांबली. ऊन तापलं. मग पडदा ओढला आणि ती दिसली, रंगवलेली, हिरव्या साडीची, गुलाबी गालांची, कमरेवर पिवळ्या दाण्यांनी भरलेलं टोपलं घेऊन सरळ समोर पाहणारी. टाळ्या वाजल्या. फोटोवाला पळाला.

मी याडीकडं बघायचं टाळत होते. मग पाहिलं. तिनं हात जोडले होते.

"केवढी मोठी हाय व!" ती म्हणाली. "देवीवानी दिसून राह्यली."

"याडी, ही तू नाहीस."

"मी कायले राहीन?" ती हसली. "माह्या आंगावर असं लुगडं पाह्यलं का तू कधी? पन लय चांगली केली, बाई. तुह्ये हात चांगले हायेत."

मी सांगितलं की ही माझ्या हातची नाही. तिनं ऐकलं की नाही ठाऊक नाही, लेझीम सुरू झालं होतं. घरी येईपर्यंत ती खुशीत होती. सगळ्या तांड्याला सांगणार होती की मास्तरीणबाईनं देवी केली. समितीनं माझं काम हिरावून घेतलं तेव्हा मला राग आला होता, राग निदान उभा राहतो. पण तिनं हात जोडले त्यावर काय करायचं? तिच्यावर रागावण्याचा हक्क मला नव्हता, आणि ज्यांच्यावर होता ते घरी जाऊन जेवले होते.

पुढं मी नमुना मागायला गेले. समितीच्या खोलीत नवा कारकून होता. "ते पांढरं का?" तो म्हणाला. "कपाट हलवताना फुटलं ना, बाई. डोकं बरेच दिवस होतं, कागदांवर वजन म्हणून ठेवत होतो. आता तेही कुठं दिसत नाही." त्यानं खरोखर टेबलाखाली वाकून पाहिलं. एवढी सभ्यता त्यानं दाखवली.

नागपूरला सरांना सांगितलं. ते निवृत्त झाले होते, अंगणात बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असंच असतं. तुम्ही लग्न का करत नाही?" मी त्यांना नमस्कार करून निघाले, आणि नंतर गेले नाही. माझ्याकडे तारा होत्या, माती नदीत होती, याडी पुढच्या हिवाळ्यातही उपणत असणार होती. पुन्हा करता आलं असतं, असं लोक म्हणतात. ज्यांनी कधी काही केलेलं नसतं तेच म्हणतात. मी एकदा मातीचा गोळा पाटावर ठेवला आणि तारेला हात लावला. मला ती पाठ आठवेना. हिरवं लुगडं आठवलं. गोळा तसाच वाळला, तडकला, आणि आईनं तो चुलीच्या पोतेऱ्यासाठी भिजवला.

साठीच्या दशकाच्या शेवटी शाळेची तपासणी झाली. साहेब चित्रकलेच्या वर्गात आले, मुलींचे आंबे आणि कळश्या पाहिल्या आणि हसून म्हणाले, "बाई, या मुलींना जिवंत कला दाखवत जा. तुमच्याच जिल्ह्यात मार्केट यार्डापुढे ती धान्यलक्ष्मी आहे. काय शिल्प आहे! मूर्तिकार बाहेरचा, पण इथली बाई काय पकडली आहे त्यानं. पाहिली आहे का तुम्ही?"

"पाहिली आहे, साहेब."

"मग स्मरणचित्राला हा विषय द्या."

मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडं पाहत होत्या. मी "हो" म्हणाले. त्या वर्षीच्या परीक्षेला तो विषय दिला. मुलींनी सहलीत पाहिलेली ती बाई काढली, पाय जुळवलेली, पदर डोक्यावर, टोपलं कमरेवर. पट्टीनं ओळ मारावी तशी सरळ. एकीलाही ती काढायला अवघड गेली नाही. मी सगळ्यांना पास केलं.